पहिल्या ड्यूटीच्या आधी: इंदुरात वृद्धसेवेच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

इंदुरात घरोघरी काळजी घेणारी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत पहिली ड्यूटी मिळते तेव्हा बहुधा एक फोन येतो आणि त्यात पत्ता, तास, पगार आणि ‘पेशंट बेडवर आहे’ एवढेच सांगितले जाते. मला तसा फोन १९ वर्षांपूर्वी आला. पत्ता रामबागेतला होता. मी पोहोचले, हात धुतले, चादर बदलली, बीपी मोजले, औषधे दिली आणि संध्याकाळी घरी परतताना माझ्या लक्षात आले की ज्या बाईंची दिवसभर काळजी घेतली, त्यांचे नावच मला माहीत नाही. पुढे मी बरीच वर्षे घरोघरी काम केले, नंतर एका वृद्धाश्रमात पर्यवेक्षिका होते आणि आता या कामात नव्याने येणाऱ्यांना शिकवते. बीपी कसे मोजावे, कूस कशी बदलावी, युरिन बॅग कशी रिकामी करावी, हे प्रशिक्षणात शिकवतात. हीच कामे त्या माणसाला विचारून, त्याच्या रीतीने कशी करावीत, हे मात्र बहुतेकांना चुका करून कळते. त्यातल्या काही चुका तुमच्या हातून टळाव्यात म्हणून हे लिहीत आहे.

अशा कामाला ‘व्यक्तिकेंद्री सेवा’ म्हणतात. या कल्पनेचे एक महत्त्वाचे मूळ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारात आहे. मदतीसाठी आलेल्या माणसाला ते ‘पेशंट’ न म्हणता ‘क्लायंट’ म्हणत. अडचणीतून वाट काढण्याची शक्ती त्या माणसाजवळच असते आणि मदत करणाऱ्याने त्याला मनापासून स्वीकारावे, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे आणि मुखवटा घालून वागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षणात तुम्हाला मूल्यांची यादी पाठ करायला देतील: वेगळेपण, हक्क, निवड, खासगीपण, स्वावलंबन, प्रतिष्ठा, आदर आणि भागीदारी. यादी चांगली आहे. पण ती घडाघडा म्हणणारी आणि त्याच दुपारी न्हाणीघराचे दार न ठोठावता उघडणारी माणसे मी पाहिली आहेत. म्हणून खाली मूल्यांच्या क्रमाने न जाता ड्यूटीच्या क्रमाने जाते.

१. कागद आणि पिशवी तयार ठेवा

ब्यूरोत किंवा वृद्धाश्रमात जाताना पुढील कागद जवळ असावेत.

• आधार कार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि चार फोटो
• जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड यांपैकी एखादा अभ्यासक्रम केला असल्यास त्याचे प्रमाणपत्र
• तुमच्या भागातल्या ठाण्याचे पोलीस व्हेरिफिकेशन
• डॉक्टरांनी दिलेले आरोग्य प्रमाणपत्र
• हिपॅटायटिस बी लसीच्या नोंदीचा कागद. या लसीचे तीन डोस असतात. दुसरा पहिल्यानंतर एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी घ्यायचा असतो, तेव्हा नोकरी मिळायची वाट न पाहता सुरुवात करा.

मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण कोणाकडेही ‘जमा’ करू नयेत. झेरॉक्सवर काम भागते. ड्यूटी स्वीकारण्यापूर्वी तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, जेवण कोणाचे, आणि माणसाच्या काळजीखेरीज घरची धुणीभांडी अपेक्षित आहेत का, हे विचारून उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. पिशवीत हातमोजे, मास्क, घरात घालायच्या मऊ चपला, स्वतःचा डबा, दोन वह्या आणि एक जाड पेन असावे. जाड पेन अशासाठी की कमी दिसणाऱ्या माणसाला तुम्ही लिहिलेले वाचता आले पाहिजे. दोन वह्या कशासाठी, ते पुढे येईल.

२. पहिल्या पाच मिनिटांत नाव आणि हाक विचारा

घरात शिरल्यावर घरचे लोक तुम्हाला औषधांच्या डब्याकडे नेतील. ते पाहून घ्या, पण त्याआधी किंवा लगेच नंतर ज्यांची काळजी घ्यायची त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असे बसा. स्वतःचे नाव सांगा, किती वाजेपर्यंत थांबणार ते सांगा आणि विचारा, ‘मी तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’

आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण पांढरे केस दिसले की ‘आजी’ किंवा ‘आजोबा’ म्हणणे हाच आदर, असे आपण धरून चालतो. स्नेहलतागंजमध्ये मी एका निवृत्त शिक्षिकेकडे होते. मी आठवडाभर त्यांना ‘आजी’ म्हणत राहिले आणि त्या आठवडाभर माझ्याशी तुटक वागत राहिल्या. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मी लग्न केले नाही, मला मूल नाही, मी कोणाचीही आजी नाही. ३४ वर्षे मला सगळे बाई म्हणत आले.’ त्या दिवसापासून मी त्यांना ‘बाई’ म्हणू लागले आणि दोन दिवसांत त्या माझे शुद्धलेखन तपासू लागल्या. कोणाला ‘अण्णा’ हवे असते, कोणाला ‘वहिनी’, कोणाला आडनावापुढे ‘साहेब’. आणि कोणाला खरोखरच ‘आजी’ हवे असते. जे सांगतील ते वहीत लिहा, आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलताना ‘पेशंटने खाल्ले का?’ असे कोणी विचारले तरी उत्तर त्यांच्या नावाने द्या.

याच वेळी भाषाही विचारून घ्या. इंदूरचा मराठी माणूस बाजारात आणि कचेरीत आयुष्यभर हिंदी बोललेला असतो, घरात मराठी. आणि दोन्हींची सरमिसळ आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती जाणवतही नाही. पण स्मृतिभ्रंश वाढू लागला की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची मागे उरते, असे अनेकदा होते. हिंदीत सांगितलेले ‘करवट लीजिए’ ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्या बाई ‘कुशीवर वळा’ म्हटल्यावर आपोआप वळतात. तुम्हाला मराठी येते ही या शहरात तुमची फार मोठी जमेची बाजू आहे, आणि पगार ठरवताना ती सांगायला लाजू नका.

३. एका पानाची ओळख तयार करा

दोन वह्यांपैकी एक रोजच्या नोंदींची. दुसरीत त्या माणसाचे एकच पान करायचे. त्यावर चार शीर्षके घाला: मला काय म्हणावे, मला काय महत्त्वाचे वाटते, मला मदत कशी करावी, मला काय मुळीच चालत नाही. मजकूर ‘मी’ने सुरू करून त्यांच्याच शब्दांत लिहा. नमुन्यादाखल एका पानातील काही ओळी देते.

‘मला माई म्हणा. सकाळी दात घासल्यावर आधी चहा, मग बाकी सगळे. चहात आले नको, गवती चहा घाला. पोह्यांवर बारीक शेव आणि जिरावन मसाला मी स्वतः घालीन. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. कुंकू मी लावते. हात थरथरतो, लावायला वेळ लागतो, पण आरसा धरण्यापलीकडे काही करू नका. रात्री दार पूर्ण लावलेले मला चालत नाही.’

यात रोगाचे नाव नाही, गोळ्यांची यादी नाही. ती फाइलमध्ये असतेच. पण नवीन बाई रात्रपाळीला आली आणि तिने दार ओढून घेतले तर माई घाबरून रात्रभर जाग्या राहतील, हे फाइल सांगत नाही.

हे पान फॉर्म भरल्यासारखे एका बैठकीत भरू नका. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या तरी पुरे. वेणी घालताना, भाजी निवडताना, फिरवून आणताना ते हळूहळू भरते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याबाबत चेहरा, हात आणि ताटातले उरलेले अन्न पाहून लिहावे लागते. आणि घरच्यांना विचारा, पण घरच्यांवर थांबू नका. एका मुलाने मला अगदी खात्रीने सांगितले की आईला टीव्हीवर भजने लावून ठेवा, ती त्यात रमते. बाई भिंतीकडे तोंड करून पडून असत. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खोलीतून क्रिकेटच्या सामन्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वळवली. लहानपणी वडिलांनी त्यांना यशवंत क्लबच्या मैदानावर होळकर संघाचा खेळ दाखवायला नेले होते, त्या संघाचे कर्णधार सी. के. नायडूंना त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकल्याचे त्या मला बोटांवर मोजून सांगत. मुलाला यातले काहीच माहीत नव्हते. भजने त्याच्या वडिलांना आवडत.

पान तयार झाले की त्यांना वाचून दाखवा, चुकले असेल ते खोडू द्या, आणि पलंगाजवळ लावायचे की वहीत मिटून ठेवायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. दर महिन्याला पुन्हा वाचा, कारण माणसे बदलतात आणि आजारपणात तर फार वेगाने बदलतात.

४. आपले हात आवरायला शिका

ही पायरी सर्वांत कठीण आहे, आणि वाईट माणसांपेक्षा चांगल्या माणसांना अधिक कठीण जाते. आपल्यावर सेवेचे संस्कार असतात. सेवा म्हणजे समोरच्याला काहीही करू न देणे, पाण्याचा पेलासुद्धा त्याच्या ओठांशी नेणे, असे आपण लहानपणापासून पाहिलेले असते आणि त्यासाठी आपली वाहवाही होते. लोकमान्य नगरातल्या एका काकांच्या सदऱ्याची बटणे मी रोज लावून देत असे. त्यांना ती लावायला दहा-बारा मिनिटे लागत आणि मला ते पाहवत नसे. तीन-चार महिन्यांनी मी सुट्टीवर गेले, तेव्हा त्यांना एकही बटण लावता येईना. त्यात आजाराचा वाटा किती आणि माझा किती, हे मी सांगू शकत नाही. पण न वापरलेले बोट आखडते आणि न वापरलेली सवय मोडते, एवढे तर फिजिओथेरपिस्ट पहिल्याच भेटीत सांगतात.

म्हणून प्रत्येक कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे चारांपैकी एक खूण करा: स्वतः करतात, आठवण दिली की करतात, हाताला हात लावला की करतात, मला करावे लागते. जेवणाचे उदाहरण घ्या. पोळीचा तुकडा मोडणे जमत नसेल, पण मोडून दिलेला तुकडा भाजीत बुडवून तोंडात घालणे जमत असेल, तर तुम्ही फक्त मोडून द्यायचे आणि बसून राहायचे. वेळ लागेल. सांडेल. मांडीवर टॉवेल ठेवा. मात्र गिळताना ठसका लागत असेल तर स्वावलंबनाच्या नावाखाली प्रयोग करू नका. ताबडतोब डॉक्टरांना कळवा आणि अन्न किती मऊ, पाणी किती घट्ट, हे त्यांच्या सांगण्याप्रमाणेच ठेवा.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या काळजीचा बारकाईने अभ्यास केला आणि माणसाचे माणूसपण झिजवणाऱ्या वागण्याचे १७ प्रकार नोंदवले. त्यांत फसवणे, धाक घालणे, टर उडवणे हे तर आहेच, पण लहान मुलासारखे वागवणे, जमत असलेले काम हातातून काढून घेणे, आणि समोरच्याला झेपणार नाही अशा वेगाने बोलणे किंवा काम उरकणे हेही आहे. असे वागणारे लोक बहुधा दुष्ट नसतात, ते घाईत असतात किंवा त्यांना कोणी वेगळे काही शिकवलेले नसते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले होते. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा ‘चला, आता शहाण्या बाळासारखं तोंड उघडा’ हे माझे रोजचे वाक्य आठवून मी वही मिटली.

प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक जण तिसऱ्या अंकावरच प्रश्न पुन्हा विचारतात आणि समोरच्याला पहिल्यापासून विचार करावा लागतो. ‘काय घालायचे?’ असा मोकळा प्रश्न जड जात असेल तर दोन लुगडी हातात घेऊन दाखवा. आणि हातांना काम द्या, पण खरे काम द्या. कापसाच्या वाती वळता येणाऱ्या आजींनी वळलेल्या वाती संध्याकाळी खरोखर देवापुढे लागल्या पाहिजेत. त्या मागच्या दाराने कचऱ्यात गेल्या तर आजींना ते कळते.

५. आंघोळ आणि शौच

नवीन आलेल्यांची सर्वांत जास्त भांडणे इथे होतात. ‘आजी आंघोळीला फार त्रास देतात’ असे मला जिथे जिथे सांगण्यात आले, तिथे मी एकदा स्वतः जाऊन पाहिले आणि बहुतेक वेळा खोली थंड होती, दार अर्धे उघडे होते, किंवा न सांगता डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतला जात होता. तुमच्यावर कोणी असा ओतला तर तुम्हीही ओरडाल.

आधी वेळ विचारा. ज्यांनी आयुष्यभर पहाटे आंघोळ केली त्यांना सकाळी अकराला आंघोळ घालणे ही तुमची सोय आहे, त्यांची नाही. ड्यूटी आठला सुरू होत असेल तर तसे सांगून निदान पहिले काम ते करा. टॉवेल, साबण, कपडे, स्टूल, सगळे आधी न्हाणीघरात नेऊन ठेवा, म्हणजे त्यांना अर्धवट उघडे ठेवून धावावे लागणार नाही. पाणी स्वतःच्या मनगटावर पाहा, मग त्यांच्या हातावर घालून ‘असे चालेल?’ विचारा. अंगावर मोठा टॉवेल असू द्या आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करा. स्पर्श करण्याआधी सांगा: ‘आता पाठ चोळते.’ हात चालत असतील तर गुप्तांग त्यांनाच धुवू द्या. तुम्ही तांब्या हातात द्या आणि नजर दुसरीकडे ठेवा. बाईला बाईच हवी, पुरुषाला पुरुष, असे असेल तर ते घरच्यांना आणि ब्यूरोला पहिल्याच दिवशी कळवा. एखाद्या दिवशी नकोच म्हटले तर अंग पुसून घ्या. जग बुडत नाही. पण सलग नकार येऊ लागला तर दुखते आहे का, पडायची भीती आहे का, याचा शोध घ्या.

डायपरचा सापळा वेगळा सांगते. आधार दिला की संडासापर्यंत जाऊ शकणाऱ्या माणसाला ‘रात्रीपुरता’ डायपर लावतात, मग दिवसाही लावतात, मग ‘त्यातच करा, मी बदलते’ असे सांगतात. हे वाक्य ऐकल्यावर कित्येक जण पाणी पिणे कमी करतात. त्याऐवजी तीन दिवस वेळा टिपून पाहा. बहुतेकांचे वेळापत्रक कळून येते, आणि त्या वेळेच्या थोडे आधी विचारले की पुष्कळदा काम होते. जे खरोखरच अंथरुणावर आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, एअर बेड असला तरीही, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलायचे. दोन जणींनी कूस बदलताना एकमेकींशी स्वतःच्या घरच्या गप्पा मारणे हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बंद करायला सांगते.

६. स्मृतिभ्रंश असेल तर आधी त्यांचे जुने वेळापत्रक विचारा

आमच्या वृद्धाश्रमात एक आजोबा पहाटे उठून दार वाजवत. ‘भोंगा झाला, पाळी चुकेल’ म्हणत. ते हुकूमचंद मिल या कापड गिरणीत कामगार होते. मी त्यांना रोज समजावून सांगत असे की आजोबा, मिल १९९१ मध्येच बंद झाली. खरे बोलण्यात चूक काय, असे मला वाटे. पण त्यांच्या लेखी ती बातमी रोज नवी होती. मिल बंद झाल्याचा धक्का मी त्या माणसाला रोज पहाटे नव्याने देत होते, आणि मग दिवसभर ते जेवत नसत. रात्रपाळीच्या लोकांनी ‘भटकतात’ अशी नोंद करून झोपेच्या गोळीची मागणीही केली होती.

पुढे त्यांच्या पुतण्याकडून कळले की पहिल्या पाळीला जाण्याआधी ते उभ्याने चहा पीत आणि डबा स्वतः बांधत. आम्ही दाराजवळ एक स्टूल, चहा आणि रिकामा डबा ठेवू लागलो. ‘मिल चालू आहे’ असे मी कधी म्हटले नाही, ‘बंद झाली’ असेही म्हणणे सोडले. ‘तुमच्या खात्यात काम काय असायचे?’ असे विचारू लागले. ते सूत तुटले की कसे जोडायचे ते बोटांनी करून दाखवत, अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यासाठी, रात्र रात्र जागल्याचे सांगत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा येऊन झोपत. गोळी लागली नाही. सगळ्यांच्या बाबतीत असे होईल असे नाही. अचानक वाढलेला गोंधळ असेल तर त्याच्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवीन औषध असू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. पण ‘भटकतात’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ते कुठे निघाले आहेत, हे विचारून पाहावे.

७. घरच्यांचे ऐकायचे की ज्यांची काळजी घेतो त्यांचे?

‘तिला काय विचारता, मला विचारा’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकायला मिळेल. पगार देणारा मुलगा आहे, आणि निर्णय आईच्या अंगाचा आहे. इथे उद्धटपणा करून चालत नाही आणि मान डोलावूनही चालत नाही. मी असे म्हणते: ‘हो दादा, तुम्हाला सांगतेच, फक्त त्यांच्यासमोर बोलू या.’ बहुतेक घरांत एवढ्याने निम्मे काम होते.

कायदा या बाबतीत आपल्या घरांपेक्षा पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला आपल्या मानसिक आजारावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधले मर्यादित पालकत्वसुद्धा ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते असते, आणि त्यातला निर्णय त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. याचा अर्थ तुम्ही घरच्यांना कलमे ऐकवावीत असा नाही. म्हातारपण आले किंवा विस्मरण झाले म्हणून माणसाची संमती आपोआप संपत नाही, एवढे तुमच्या मनात पक्के असावे. हिशेब न कळणाऱ्या माणसालाही कोणती शाल हवी ते कळते.

खरी कसोटी धोक्याची गोष्ट मागितली की लागते. शुगर असलेल्या एका काकांना रविवारी पोह्यांबरोबर जिलबी हवी असे. सुनेने जिलबी घरात आणणेच बंद केले, तर ते नातवाला पैसे देऊन चोरून मागवू लागले आणि मग किती खाल्ली तेही कळेना. शेवटी काका, सून आणि डॉक्टर यांच्यात उघड बोलणे झाले. रविवारी एक जिलबी, बाकी गोड नाही, आणि शुगर ठरल्याप्रमाणे तपासायची. हे डॉक्टरांनी ठरवले, मी नाही. तुम्हीही स्वतःच्या अधिकारात अशी सूट देऊ नका. तुमचे काम एवढेच की त्यांची मागणी दडपली न जाता योग्य माणसांपर्यंत पोहोचावी, आणि बोलणे होईल तेव्हा ते स्वतः तिथे बसलेले असावेत.

८. फोन, पैसे आणि कप

फोटो, रील, व्हॉट्सॲप स्टेटस, काहीही नाही. वाढदिवसाचा केक कापतानाचासुद्धा नाही, जोवर ते स्वतः आणि घरचे दोघेही हो म्हणत नाहीत. आणि अंथरुणावरचा तर हो म्हटले तरी नाही. पैसे हाताळावे लागले तर तारीख, रक्कम आणि बिल वहीत, त्याच दिवशी सही घेऊन. उसने घेऊ नये, दागिना ‘ठेवायला’ घेऊ नये.

कपाविषयी कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. काही घरांत सोवळे असते, आणि देवघरात न शिरणे किंवा आंघोळ करूनच स्वयंपाकाला हात लावणे ही त्यांची रीत पाळण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण तुमचा कप जातीमुळे वेगळा ठेवला जात असेल तर तो प्रकार वेगळा आहे आणि तो सोसणे हा सेवेचा भाग नाही. ब्यूरोला स्पष्ट सांगून ड्यूटी बदलून घ्या. व्यक्तिकेंद्री कामात दोन व्यक्ती असतात.

९. नोंद लिहिताना मत लिहू नका

‘आज चिडचिड केली, जेवले नाहीत’ ही नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही. ‘दुपारी साडेबाराला ताट आणले. वरणभाताचे तीन घास खाल्ले, मग ताट सरकवले. डाव्या गालावर हात ठेवत होते. विचारल्यावर दाढ दुखते म्हणाले’ या नोंदीने दंतवैद्याची वेळ ठरते. काय पाहिले, काय ऐकले, काय केले आणि त्यांनी स्वतः काय सांगितले, या क्रमाने लिहा. ‘हट्टी’, ‘नाटकी’, ‘भटकणारे’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका, कारण पुढची बाई माणसाआधी तो शब्द वाचते.

१०. काही चुकीचे दिसले तर

अंगावर न समजणारे वळ, पलंगाला बांधून ठेवणे, खोलीला बाहेरून कडी, पेन्शनच्या कागदावर जबरदस्तीने अंगठा, औषध किंवा अन्न मुद्दाम न देणे, यांपैकी काही दिसले तर तारीख-वेळ घालून लिहा आणि ब्यूरोच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाला त्याच दिवशी सांगा. तिथे दाद लागली नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठी देशभर १४५६७ ही एल्डर लाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. तत्काळ धोका असेल तर ११२. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७ खाली साठ वर्षांवरील व्यक्तीला पोटगीसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि देखभालीची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला टाकून देणे हा गुन्हा आहे. शक्य असेल तिथे तक्रार करण्याआधी त्यांना विचारा. ‘नको, मुलगा आहे’ हे उत्तर येईल. तेव्हा त्यांना एकटे न सोडता, त्यांना काय झाले तर चालेल आणि काय झाले तर चालणार नाही, हे पुन्हा पुन्हा शांतपणे विचारावे लागते. जिवाला धोका असेल तर मात्र थांबू नका, आणि तसे करणार असल्याचे त्यांना सांगून करा.

११. ड्यूटी सोडताना

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ब्यूरो रात्री फोन करून दुसरी ड्यूटी देते आणि सकाळी त्या घरात नवीन चेहरा उभा राहतो. ज्यांना रोज तुमच्या हातून आंघोळ घातली गेली त्यांना तुम्ही का आला नाहीत हे कोणीच सांगत नाही, आणि काहींना वाटते की आपलेच काही चुकले. किमान दोन दिवस आधी स्वतः सांगा, विस्मरण असेल तर दोन्ही दिवस सांगा, आणि नवीन व्यक्तीबरोबर निदान एक सकाळ एकत्र काम करा. त्या सकाळी ओळखीचे पान तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, ज्यांचे पान आहे त्यांच्यासमोर, म्हणजे काही बदलायचे असेल तर ते सांगतील. माईंच्या घरून मी निघाले तेव्हा त्यांनी त्यात एक ओळ घालायला लावली होती: ‘नवीन मुलीला आधी चहा द्या, मग काम सांगा.’